टर्बो इंजिनाचे नियमन : एक ऐतिहासिक विवेचन

१

मोटारीच्या इंजिनाचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या चढत्या आकड्यांत सांगितला जातो. टर्बोचार्जर लावलेल्या पेट्रोल-इंजिनाच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. अशा इंजिनातून जादा शक्ती काढणे हे फारसे दुर्घट कधीच नव्हते. ती कोठे थांबवावी हे ठरविणे मात्र दीर्घकाळ दुर्घट राहिले. ही मर्यादा कोणी ठरवावयाची, कशाच्या आधारे ठरवावयाची, आणि परिस्थिती पालटली तर तो निर्णय कोणी बदलावयाचा, या तीन प्रश्नांची निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली गेली, त्यांचाच इतिहास म्हणजे टर्बो इंजिनाच्या नियमनाचा इतिहास होय. आज टर्बो मोटारीसाठी नियंत्रण-यंत्रणा निवडू पाहणाऱ्यासमोर जे पर्याय मांडले जातात, त्यांचे गुणदोष या इतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतात.

प्रथम या यंत्राचे तत्त्व थोडक्यात पाहिले पाहिजे. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये पुष्कळशी ऊर्जा शिल्लक असते. त्या वायूंच्या झोताने एक टर्बाइन फिरविले आणि त्याच दांड्यावर हवा दाबणारे दुसरे चक्र बसविले, की इंजिनाला वातावरणाहून अधिक दाबाची हवा मिळते. या जादा दाबास ‘बूस्ट’ म्हणतात. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते आणि शक्ती वाढते. तथापि दाबलेली हवा तापतेही. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यापूर्वीच शेवटचे मिश्रण दाबामुळे व उष्णतेमुळे आपोआप एकदम पेट घेते, तेव्हा इंजिनात धातूवर हातोडी आपटावी तसा आवाज येतो. मोटार-कारागीर यास ‘नॉकिंग’ म्हणतात. येथे त्यास ‘ठोका’ म्हटले आहे. हा ठोका क्षणभराचा असेल तर फारसे बिघडत नाही. तो चालू राहिला तर दट्ट्याचा माथा वितळतो, कडांचे तुकडे उडतात किंवा गॅस्केट फुटते. टर्बो पेट्रोल-इंजिनाच्या नियमनातील प्रायः सर्व अडचणींचे मूळ या एका घटनेत आहे.

२

टर्बोचार्जरची कल्पना मोटारीसाठी निघालेली नव्हती. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले आणि तिचा पहिला मोठा उपयोग १९२० नंतरच्या दशकात जहाजांवरील डिझेल-इंजिनांत झाला. डिझेल-इंजिनात आधी केवळ हवा दाबली जाते आणि इंधन अखेरच्या क्षणी आत सोडले जाते. आपोआप पेटण्यास आधीपासून तयार असे मिश्रण तेथे नसल्यामुळे पेट्रोलच्या अर्थाने ठोक्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डिझेलला टर्बो सहज मानवला याचे कारण हे आहे.

विमानांच्या क्षेत्रात परिस्थिती वेगळी होती. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-इंजिनावर टर्बोची चाचणी घेतली. तेथील विरळ हवेत इंजिनाची गेलेली शक्ती परत मिळविणे हा त्या चाचणीचा हेतू होता. समुद्रसपाटीला जेवढा दाब मिळाला असता तेवढाच उंचीवर मिळवून द्यावयाचा, एवढीच ही मागणी होती.

मोटारीची मागणी याहून कठोर होती. तिला समुद्रसपाटीलाच वातावरणाहून अधिक दाब हवा होता, तोही पंपावर मिळेल त्या पेट्रोलवर, आणि इंजिनाचे ज्ञान नसलेल्या मालकाच्या हाती. जहाजावर किंवा मोठ्या विमानात इंजिनावर लक्ष ठेवणारा माणूस असतो; मोटारीत तो नसतो. त्याची जागा कोणी घ्यावयाची, हाच पुढील अर्धशतकाचा प्रश्न ठरला.

३

या प्रश्नाची पहिली दोन उत्तरे १९६२ साली अमेरिकेत, एकाच जनरल मोटर्सच्या दोन शाखांतून, जवळजवळ एकाच वेळी आली. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या मोटारीत दाब सोडून देणारी झडपच नव्हती. मुळातील संपीडन गुणोत्तर कमी करून ८ : १ ठेवले होते आणि निष्कास-मार्गाचा अडथळा व कार्बोरेटरची मर्यादित क्षमता यांमुळेच बूस्ट आटोक्यात राहील अशी योजना होती. मर्यादा अशा रीतीने लोखंडातच कोरून ठेवलेली होती. तिला बाहेरच्या परिस्थितीची काहीच खबर नव्हती.

ओल्ड्समोबिलच्या जेटफायर मोटारीने उलट मार्ग घेतला. तिच्या २१५ घनइंची ॲल्युमिनियम इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके उच्च ठेवण्यात आले आणि ठोका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण बूस्टच्या वेळी आत फवारण्याची सोय केली गेली. त्या द्रवाच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड होई. द्रव संपल्यास दाब मर्यादित करणारी योजनाही होती. रासायनिक दृष्ट्या हे उत्तर अचूक होते. तथापि व्यवहारात मालक द्रव भरण्याचे विसरत, मग मोटार मंद का झाली याचे कोडे त्यांना पडे. दोन वर्षांत जेटफायरचे उत्पादन थांबले आणि पुढे अनेक मोटारींवरील टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसविण्यात आले. जेटफायरचे तंत्र फसले असे म्हणणे योग्य होणार नाही. नियमनाचा एक दुवा मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपविला गेला होता आणि तो दुवा तुटला.

४

यानंतर सुमारे दहा वर्षांनी युरोपात टर्बो मोटारी पुन्हा आल्या, त्या पेट्रोल आत सोडण्याच्या यांत्रिक पद्धतींसह. १९७३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो ही मोटार मांडली. तिच्या दोन लिटर इंजिनातून १७० अश्वशक्ती मिळे. परंतु त्यासाठी संपीडन गुणोत्तर ६.९ : १ इतके खाली आणले होते. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनातील पोर्शे ९११ टर्बोमध्ये ते ६.५ : १ होते. या मोटारींत मर्यादा पाळली जाई ती इंजिनाला मुळातच दुबळे करून. टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मलूल वाटे, आणि जागा होताच शक्तीचा लोंढा येई. या विलंबास वाहनचालकांच्या भाषेत ‘लॅग’ हे नाव पडले. त्यातच १९७३ च्या ऑक्टोबरात तेलटंचाई आली आणि बीएमडब्ल्यूची ती मोटार १६७२ नग निघून थांबली.

स्वीडनमधील साब कंपनीची गरज निराळी होती. तिच्यापाशी दोन लिटरचे चार सिलिंडरांचे एकच इंजिन होते आणि नवे सहा किंवा आठ सिलिंडरांचे इंजिन उभे करण्याइतके बळ त्या लहान कंपनीजवळ नव्हते. पेर गिलब्रांड या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तेथे टर्बोचा विचार झाला तो शर्यतीच्या दृष्टीने नव्हे, तर रोजच्या वाहतुकीतील ओघवत्या ओढीच्या दृष्टीने. १९७७ च्या साब ९९ टर्बोमध्ये टर्बाइन मुद्दाम लहान घेतले होते, म्हणजे ते कमी वेगातच जागे होई. आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ लागताच वेस्टगेट नावाची झडप उघडून निष्कास-वायू टर्बाइनला वळसा घालून जात. मोठ्या टर्बाइनऐवजी लहान टर्बाइन आणि त्यावर वेस्टगेटचा लगाम ही रचना पुढे सर्वमान्य झाली. तरीही या वेस्टगेटची मर्यादा एका स्प्रिंगच्या ताणाने ठरत असे. पेट्रोल चांगले असो वा हलके, दिवस थंड असो वा उष्ण, स्प्रिंग तेवढ्याच दाबाला उघडणार. सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरून मर्यादा ठेवावी लागे, आणि म्हणून तेथेही संपीडन गुणोत्तर ७.२ : १ च होते.

५

या कोंडीतून सुटका झाली ती इंजिनाला ‘कान’ मिळाल्यामुळे. ठोक्याच्या वेळी सिलिंडरमधील वायू एका विशिष्ट कंपनसंख्येने थरथरतो. ही संख्या मुख्यतः सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असून ८६ मिलिमीटर व्यासासाठी ती सेकंदाला साडेसहा हजारांच्या आसपास येते. इंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेला संवेदक ही थरथर टिपून तिचा विद्युत्-संकेत करू शकतो.

अमेरिकेत १९७५ पासून बहुतेक नव्या मोटारींना शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले होते, कारण निष्कास शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला शिसे बाधक ठरते. ठोका रोखण्यासाठी १९२१ पासून माहीत असलेला शिशाचा उपाय अशा रीतीने हातचा गेला. आणि १९७५ च्याच ऊर्जाविषयक कायद्याने मोठ्या इंजिनांवर इंधनबचतीचे बंधनही आणले. या दुहेरी पेचात ब्युइकने १९७८ साली आपल्या ३.८ लिटर टर्बो इंजिनात ठोका ऐकून ठिणगी उशिरा पाडणारी इलेक्ट्रॉनिक योजना केली. उशिरा पडलेल्या ठिणगीने ठोका थांबे. परंतु निष्कास-वायू अधिक तापत आणि इंधन वाया जाई.

साबने १९८२ च्या मोटारींत आणलेल्या ‘एपीसी’ योजनेचे वैशिष्ट्य असे, की तिने ठिणगीऐवजी दाबालाच हात घातला. संवेदकाने ठोका टिपला की विद्युत्-झडप वेस्टगेट थोडे लवकर उघडी आणि बूस्ट घटे. ठोका थांबला की ते हळूहळू पूर्ववत होई. मर्यादा प्रथमच प्रत्यक्ष परिस्थितीतून ठरू लागली. हलक्या पेट्रोलवर मोटार काहीशी मंद चाले, चांगल्यावर पूर्ण शक्ती देई, आणि दोन्ही वेळा इंजिन सुरक्षित राही. सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरण्याची गरज उरली नाही, म्हणून संपीडन गुणोत्तर ७.२ वरून ८.५ वर नेता आले. ऐकू येऊ लागल्यामुळे इंजिनाला निर्भयपणे बळकट करता आले, असा या घटनेचा अर्थ आहे. जेटफायरच्या मालकावर सोपविलेले काम आता यंत्राने स्वतःकडे घेतले.

याच सुमारास इंधन आणि ठिणगी यांचा निर्णय एका गणकयंत्राकडे देण्याची वाटचाल सुरू झाली. बॉशची मोट्रॉनिक पद्धती १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. शर्यतीच्या क्षेत्रात रेनोने १९७७ साली टर्बो इंजिन फॉर्म्युला वनमध्ये उतरविले, आणि १९८३ साली नेल्सन पिकेने बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बो इंजिनावर, डिजिटल नियंत्रणाच्या साहाय्याने, अजिंक्यपद मिळविले. तेथे शक्ती इतकी वाढली की नियामक संस्थेलाच १९८७ साली ४ बारची व १९८८ साली २.५ बारची दाबमर्यादक झडप सक्तीची करावी लागली, आणि १९८९ पासून टर्बो बंद झाला.

१९९३ च्या साब ९००० मध्ये आलेल्या ट्रायोनिक पद्धतीत इंधन, ठिणगी आणि बूस्ट हे तिन्ही निर्णय एकत्र आले. तिचा कान ठोकळ्यावर नसून खुद्द स्पार्क प्लगमध्ये होता. ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या टोकांमधून सूक्ष्म प्रवाह सोडून जळत्या वायूतील आयनांचे मोजमाप केले जाई, आणि कोणत्या सिलिंडरमध्ये ठोका झाला हे थेट कळे. त्या दशकाच्या अखेरीस पेडल व थ्रॉटल यांच्यातील तारेचा दुवाही अनेक मोटारींतून गेला. चालकाने पेडल दाबणे ही आता मागणी झाली. तिची पूर्तता किती करावयाची हे नियंत्रक ठरवू लागला.

६

कारखान्याने अशा रीतीने निर्णय यंत्राकडे सोपविला, त्याच काळात तो परत आपल्या हाती घेऊ पाहणारा एक स्वतंत्र व्यवसाय वाढला. त्याचे तीन मार्ग आजही प्रचलित आहेत.

पहिला मार्ग नियंत्रकाला बगल देण्याचा. वेस्टगेटकडे जाणाऱ्या नळीत अडथळा किंवा गळती निर्माण केली, की त्याला प्रत्यक्षाहून कमी दाब जाणवतो आणि बूस्ट वाढते. १९९० नंतर जपानी टर्बो मोटारींसाठी लोकप्रिय झालेल्या मध्यस्थ पेट्या याच जातीच्या. त्यांना ‘पिगीबॅक’ म्हणतात. त्या हवामापकाचा संकेत बदलून नियंत्रकापुढे ठेवतात. इंधन कमी करण्यासाठी हवा कमी असल्याचे भासविले, की नियंत्रक कमी भाराच्या कोष्टकाकडे वळतो आणि ठिणगी अधिक लवकर पाडतो. म्हणजे ज्या क्षणी मिश्रण विरळ होते त्याच क्षणी ठिणगीही पुढे सरकते, आणि ठोक्याची दोन्ही कारणे एकत्र येतात. दाब फार वाढल्यास इंधन तोडणारी कारखान्याची सुरक्षायोजनाही अशा पेट्यांनी निष्प्रभ करता येते. किमतीने हा मार्ग स्वस्त असला, तरी निर्णय घेणाऱ्याला खोटी साक्ष देणे हेच त्याचे तत्त्व आहे.

दुसरा मार्ग मूळ नियंत्रकातील कोष्टके पुन्हा लिहिण्याचा. प्रारंभी त्यासाठी स्मृतिचकती उपसून बदलावी लागे. पुढे निदानासाठी ठेवलेल्या जोडणीतूनच हे काम होऊ लागले. ठिणगी, इंधन व बूस्ट यांचे आकडे बदलतात, परंतु कान शाबूत राहतो, आणि थंड इंजिन सुरू करणे, उंचीवर चालणे, बिघाड ओळखणे यांसाठी कारखान्याने केलेले वर्षानुवर्षांचे काम फुकट जात नाही. त्याची मर्यादा अशी, की मूळ संवेदकांच्या व इंजेक्टरांच्या मोजमापापलीकडे तो जाऊ शकत नाही. शिवाय लिहिणाऱ्याने ठोका-नियंत्रणाची संवेदनक्षमता मुद्दाम कमी केली असेल, तर कान असूनही तो बहिरा केलेला असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते दिसत नाही.

तिसरा मार्ग संपूर्ण स्वतंत्र नियंत्रकाचा. ऑस्ट्रेलियातील हॅल्टेक (१९८६) व मोटेक (१९८७) या कंपन्यांनी तो रूढ केला. २००१ साली अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळविण्याजोगा स्वस्त नियंत्रक पुढे आणून तो सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणला. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, निराळे इंधन, शर्यतीचा उपयोग, अशा वेळी हाच मार्ग खरा. तथापि अशा नियंत्रकाचे कोष्टक कोरे किंवा केवळ कामचलाऊ असते. पेट्रोलच्या एका भागास १४.७ भाग हवा हे रासायनिक प्रमाण. पूर्ण बूस्टवर ते १२ च्या आसपास किंवा त्याहून समृद्ध ठेवावे लागते. असा एकेक चौकोन डायनॅमोमीटरवर भरावा लागतो. ठोक्याचा संवेदक जोडता येत असला, तरी इंजिनाच्या नेहमीच्या खडखडाटातून ठोका वेगळा ओळखण्यास त्याला शिकवावे लागते. हे काम वेळखाऊ असल्याने पुष्कळदा राहून जाते. आणि मग २१ व्या शतकातील यंत्र घेऊन मोटार नेमकी १९६२ च्या अवस्थेत, म्हणजे बधिर अवस्थेत, परत जाते.

७

महाराष्ट्रात आणि एकूण भारतात या प्रश्नाला आणखी दोन बाजू आहेत. चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली आणि २०१७ पासून रांजणगावच्या कारखान्यातून टाटांची नेक्सॉन निघू लागली. लहान टर्बो पेट्रोल-इंजिन अशा रीतीने पुणे परिसराच्या उद्योगाचाच भाग बनले. दरम्यान पंपावरील इंधन मात्र स्थिर राहिले नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशातून गेले, आणि २०२५ पर्यंत पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. त्या इथेनॉलचा काही वाटा राज्यातील साखर कारखाने पुरवितात. इथेनॉल ठोक्याला चांगला विरोध करते, परंतु त्याच हवेसाठी ते अधिक प्रमाणात लागते. एका इंधनावर आकडे भरून कुलूपबंद केलेल्या कोष्टकाला असा बदल कळत नाही. मिश्रण मोजणारा व ठोका ऐकणारा नियंत्रक त्याला जुळवून घेतो.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. शर्यतीच्या बंद मैदानावर जे क्षम्य, ते रस्त्यावर तसेच असेल असे नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येतो. कॉर्व्हेअरमध्ये मर्यादा धातूने ठरविली, जेटफायरमध्ये मालकाने, साब ९९ मध्ये स्प्रिंगने, आणि एपीसीपासून पुढे ती इंजिनाच्या स्वतःच्या साक्षीने ठरू लागली. प्रत्येक टप्प्यावर शक्ती वाढली ती मर्यादा सैल केल्यामुळे नव्हे, तर ती अधिक अचूकपणे कळू लागल्यामुळे. म्हणून टर्बो मोटारीसाठी नियंत्रण-यंत्रणा निवडताना किती अश्वशक्ती वाढेल हा प्रश्न दुसरा ठरतो. बदलानंतर इंजिनाचे म्हणणे कोणाला ऐकू येणार आहे, आणि ते ऐकून दाब उतरविण्याचा अधिकार कोणाजवळ राहणार आहे, हा पहिला होय. फारसे बदल न केलेल्या, रोज रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीस मूळ नियंत्रकाचे जाणकार पुनर्लेखन पुरते, आणि तेही कायद्याच्या कक्षेत. इंजिनाचे अंगच पालटले असेल तर स्वतंत्र नियंत्रक घ्यावा, परंतु त्याला ऐकावयास शिकविण्याचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. जो मार्ग नियंत्रकाला फसविण्यावर उभा आहे, त्याची किंमत अखेरीस दट्ट्यांना मोजावी लागते.